रोख द्यावे की कार्ड? आधी व्याजाचा दर विचारावा



क्रेडिट कार्ड ही वस्तू पूर्वी साहेबाच्या पाकिटात असे. आपल्या माणसाला ती लांबूनच दिसे. आज तशी स्थिती नाही. रेल्वे स्टेशनाबाहेर, मॉलच्या दाराशी, कारखान्याच्या कँटीनमध्ये टाय लावलेली मुले फॉर्म घेऊन उभी असतात. रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक, रुग्णालयातील आया, पार्सल पोहोचविणारा तरुण, महापालिकेत नुकताच कायम झालेला सफाई कामगार, अशा अनेकांच्या खिशात आज कार्ड आहे. मग घरात वाद सुरू होतो. सासूबाई म्हणतात, "पैसे असतील तेव्हा घ्यावे, नसतील तेव्हा गप्प बसावे." मुलगा म्हणतो, "आई, रोख कोण देतं आता? कार्डावर सूट मिळते." दोघांचेही थोडे थोडे खरे आहे आणि दोघांचेही थोडे थोडे चुकते. तो हिशेब या अंकात मांडावा असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. बँकेचे खाते उघडल्यावर मिळते ते डेबिट कार्ड. ते वापरले की आपल्याच खात्यातील पैसे जातात. खात्यात नसेल तर यंत्र नाही म्हणते. क्रेडिट कार्ड दिसते अगदी तसेच, तेवढेच लांब, तेवढेच रुंद. पण त्यातून जातात ते बँकेचे पैसे. म्हणजे ते कर्ज आहे. बँक त्या कार्डावर 'लिमिट' म्हणून जो आकडा देते, तो आपल्या मालकीचा आकडा नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सांगत होते, "माझ्या कार्डात साठ हजार आहेत." आम्ही त्यांना म्हटले, "दादा, तुमच्या कार्डात एक पैसाही नाही. साठ हजारांपर्यंत कर्ज काढण्याची तुम्हाला मुभा आहे." ते जरा नाराज झाले, पण गोष्ट तीच आहे.

या कार्डाचा जन्म अमेरिकेतला. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब नावाच्या कंपनीने हॉटेलात जेवून बिल पुढे एकदम चुकते करण्यासाठी ते काढले. आपल्या देशात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले क्रेडिट कार्ड आणले. बरीच वर्षे ते नोकरदार आणि व्यापारी वर्गापुरते राहिले. पुढे २०१६ साली मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय व्यवस्था आली आणि भाजीवालीच्या टोपलीजवळही काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा कागद लागला. तोवर त्या चौकोनावर मोबाईल धरला की आपल्याच खात्यातील पैसे जात. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही या व्यवस्थेला जोडता येऊ लागले. तेव्हापासून एकाच मोबाईलवर, एकाच चौकोनातून, आपले पैसे आणि उधारीचे पैसे अशा दोन्ही वाटा निघतात. बोट कोठे लागले एवढाच फरक. ज्यांनी कार्ड मोबाईलला जोडले आहे, त्यांनी पैसे देताना खाते कोणते निवडले आहे हे दर वेळी पाहावे.

आता व्याजाकडे येऊ. कामगारवस्तीला कर्ज नवे नाही. ब्रिटिश अमदानीत नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ सालच्या अहवालात नोंदविले आहे की बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. रुपयाला महिना एक आणा हा त्या काळी रुळलेला दर. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर काठी घेऊन उभा राहणारा पठाण आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिला. तो माणूस वाईट होता की चांगला हा प्रश्न वेगळा. पण तो डोळ्यांना दिसत होता. त्याला पाहून पुढचे कर्ज काढताना माणूस दोनदा विचार करीत असे.

कार्डाचा दर किती? बहुतेक कार्डांवर महिना तीन ते पावणेचार टक्के असतो. छापील कागदावर साडेतीन हा आकडा फार लहान दिसतो. आपल्या भाषेत सांगायचे तर तो 'शेकडा साडेतीन' झाला. वस्तीतला सावकार शेकडा पाच म्हणाला तर आपण दचकतो. बँक शेकडा साडेतीन म्हणते तेव्हा आपण सही करतो. साडेतीनला बाराने गुणा, वर्षाचे ४२ टक्के झाले. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो मिळवला की दर वर्षाला साडेएकोणपन्नास टक्क्यांवर जातो. शंभरावर पन्नास म्हणा.

येथे एक तुलना करून पाहावी. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला. त्याखाली शासनाने परवानाधारक सावकाराला दर ठरवून दिले. शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिले तर सावकाराने वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाही. हा कायदा बँकांना लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली निर्णय दिला होता की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजाचे दर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील विषय आहे, ग्राहक आयोगाच्या नव्हे, असे सांगितले. तेव्हा कोणी वरून येऊन हा दर आपल्यासाठी कमी करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. घरातच शहाणपण ठेवावे लागेल.

मग कार्ड वापरणारे सगळेच बुडतात काय? नाही. कार्डाची एक चांगली बाजू आहे आणि तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खरेदी केल्यापासून बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंत साधारण ४५ ते ५० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. त्या तारखेच्या आत बिलातली संपूर्ण रक्कम भरली तर व्याज शून्य. जो माणूस दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, त्याला बँक फुकट उधारी देते. पण एक रुपया जरी मागे ठेवला तरी ही बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज बिलाच्या तारखेपासून न लागता खरेदीच्या दिवसापासून लागते. त्यानंतर नव्याने जे घेऊ त्यालाही मुदत मिळत नाही. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क वेगळे. कार्डाने रोख काढणे म्हणजे स्वतः चालत जाऊन खड्ड्यात बसणे होय.

बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देय रक्कम, दुसरा किमान देय रक्कम, ज्याला 'मिनिमम ड्यू' म्हणतात. सारा घात या दुसऱ्या आकड्यात आहे. तो लहान असतो, ठळक असतो, आणि तेवढा भरला की बँकेचा माणूस फोन करीत नाही. त्यामुळे माणसाला वाटते की आपला हप्ता गेला.

वही-पेन्सिल घ्या, आपण हिशेब करू. समजा बिल ४०,००० रुपयांचे आहे. किमान रक्कम बिलाच्या ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये. दर महिना साडेतीन टक्के, अधिक जीएसटी. आपण २,००० भरले, उरले ३८,०००. त्यावर महिन्याचे व्याज आणि कर मिळून १,५६९ रुपये. पुढचे बिल आले ३९,५६९ रुपयांचे. म्हणजे आपण दोन हजार दिले आणि कर्ज कमी झाले ४३१ रुपयांनी. याच रीतीने बारा महिने भरत गेलो, मध्ये एका पैशाचीही नवी खरेदी केली नाही, तर वर्षभरात आपल्या खिशातून सुमारे २२,६०० रुपये गेले आणि कर्ज उरले सुमारे ३५,१०० रुपये. साडेबावीस हजार देऊन पाच हजारसुद्धा फिटले नाहीत. बाकीचे व्याजात आणि करात गेले.

तेच बिल असताना घरातल्यांनी मनावर घेऊन दर महिन्याला ठरवून ४,००० रुपये भरले, तर तेराव्या महिन्यात ते संपते. एकूण जातात सुमारे पन्नास हजार. दहा हजारांचा चटका बसतो, पण माणूस मोकळा होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक बिलावर ही ताकीद छापावी लागते की फक्त किमान रक्कम भरत गेल्यास फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याजावर व्याज चढते. ताकीद छापलेली असते, पण अक्षर बारीक आणि भाषा बहुधा इंग्रजी. तेव्हा घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ते बिल आई-वडिलांना मोठ्याने वाचून दाखवावे.

रविवारी सकाळी विहारात आम्ही काही कार्यकर्ते बसतो. लोक रेशनकार्डाचे, शिष्यवृत्तीचे, पेन्शनचे कागद घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत त्यांत कार्डाची बिले येऊ लागली. एक कुटुंब आले होते. नवरा खाजगी ठिकाणी सुरक्षारक्षक, बायको दोन घरी स्वयंपाक करणारी. १४ एप्रिलला मुलांना नवे कपडे, जूनमध्ये शाळेची फी आणि पुस्तके, नंतर एक मोबाईल, असे करीत बिल पंचेचाळीस हजारांवर गेले होते. दीड वर्ष ते किमान रक्कम भरीत होते. बाईंनी विचारले, "भाऊ, आम्ही एकही महिना चुकवला नाही, मग फिटत का नाही?" या प्रश्नात त्यांचा सारा प्रामाणिकपणा होता. त्यांनी उधळपट्टी केली नव्हती. दारू नाही, जुगार नाही. मुलांचे कपडे आणि फी यांचेच ते कर्ज होते. त्यांना व्याजाची रीत कोणी समजावून सांगितली नव्हती, एवढेच.

त्यावर एवढेच करायचे होते. त्यांनी कार्ड वापरणे बंद केले. नवऱ्याच्या कंपनीतील कामगार पतपेढीतून वर्षाला १२ टक्क्यांनी कर्ज काढून कार्डाचे बिल एकरकमी भरले आणि पतपेढीचा हप्ता पगारातून कापून घ्यायला सांगितला. पन्नास टक्क्यांचे कर्ज बारा टक्क्यांवर आले. हप्ता तेवढाच राहिला, पण आता तो मुद्दलाला लागू लागला.

आता सासूबाईंच्या बाजूने बोलू. रोखीचा मोठा गुण असा की ती हाताला कळते. पाकीट पातळ झाले की मन आपोआप आवरते. आपल्या माता-भगिनी पिढ्यान् पिढ्या संसार करीत आल्या तो डब्यांवर. एका डब्यात रेशनचे, एकात वीजबिलाचे, एकात मुलांच्या फीचे. त्यांना कोणी अंदाजपत्रक शिकविले नव्हते, तरी ते अंदाजपत्रकच होते. बाजारात रोख हातात असली की घासाघीसही करता येते. छोट्या दुकानदाराला क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर काही रक्कम सोडावी लागते, म्हणून तो कार्डाला नाके मुरडतो आणि रोखीला दोन रुपये कमी करतो.

पण रोखीचे दोषही आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा पिठाच्या डब्यातली, उशीच्या अभ्र्यातली बायकांची बचत एका रात्रीत उघडी पडली. नवऱ्याला न कळू देता अडीअडचणीसाठी जपून ठेवलेले पैसे घेऊन त्यांना बँकेच्या रांगेत उभे राहावे लागले. घरात ठेवलेली रोख चोरीला जाते, आगीत जाते, दारूड्याच्या हाती लागते. आणि काहीच झाले नाही तरी महागाई तिला कुरतडते. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाची खरेदी करण्याची शक्ती स्थिर राहिली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. ती घटली की मजुरी करणाऱ्याच्या चुलीवर आधी परिणाम होतो. म्हणून महिन्याच्या खर्चापुरती रोख घरात ठेवावी आणि बाकी बाईच्या स्वतःच्या नावावरील खात्यात असावी. दुसऱ्या कोणाला एटीएमचा नंबर सांगू नये, नवऱ्यालाही नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो.

रोजची खरेदी, म्हणजे भाजी, दूध, किराणा, रिक्षा, औषधाची गोळी, ही रोखीने किंवा खात्यातील पैशांनी करावी. मोबाईलने देता तर खात्यातून द्यावे. खाल्लेली भाजी पचून गेल्यावर तिचे व्याज भरीत बसणे शहाणपणाचे नाही. ज्या वस्तू महिनाभरात संपतात त्यांचे कर्ज महिन्यापलीकडे जाता कामा नये, हा साधा नियम घरात ठेवा. कार्डावर गुण मिळतात, पैसे परत मिळतात, असे विक्रेते सांगतात. शंभर रुपयांच्या खर्चावर एखादा रुपया परत येतो. एक महिना बिल थकले तर शंभरावर साडेतीन रुपये जातात. हिशेब स्पष्ट आहे.

मोठी खरेदी, म्हणजे कपडे धुण्याचे यंत्र, फ्रिज, दूरदर्शन संच. येथे दुकानदार म्हणतो, "बिनव्याजी हप्ते आहेत." जगात बिनव्याजी कोणी काही देत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बंदी घातली, कारण व्याज दुसऱ्या नावाने वसूल होत होते. हल्ली व्याज लावले जाते आणि तेवढीच सूट दाखवली जाते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र आपल्या माथी राहते. तेव्हा दुकानात एकच प्रश्न विचारावा : "सगळे पैसे आज दिले तर किती?" तो आकडा आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज यांतील फरक म्हणजे खरे व्याज. १८ हजारांचे यंत्र घ्यायचे असेल तर आधी सहा महिने तीन-तीन हजारांची आवर्ती ठेव बँकेत करा. हप्ते तेवढेच भरायचे आहेत; फक्त यंत्र आधी की पैसे आधी, एवढाच प्रश्न आहे. आधी पैसे साठविले तर व्याज आपल्याला मिळते आणि दुकानदारापुढे ताठ मानेने भाव करता येतो. भिशी लावणार असाल तर ओळखीच्या, थोड्या माणसांचीच लावा आणि लेखी हिशेब ठेवा. भिशीचालक पळाला तर दाद मागणे अवघड जाते.

सोने घेताना रोख देऊन चिठ्ठीवर लिहून आणू नका. दुकानदार म्हणतो, "पावती नको, कर वाचेल." पावती नाही तर पुढे तक्रारही नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असावाच लागतो. तो पाहावा आणि पक्की पावती घ्यावी.

खोली किंवा घर घेताना तर रोखीचे नावच काढू नये. "निम्मे रोख द्या, निम्मे चेकने" असे सांगणारे दलाल पुष्कळ आहेत. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. कोणत्याही एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की रोख दिलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही. व्यवहार मोडला तर आयुष्यभराची कमाई कोणाकडे मागणार? अशी रक्कम चेकने किंवा खात्यातून खात्यात द्यावी. म्हणजे मोठ्या खरेदीला रोखही नको आणि क्रेडिट कार्डही नको. आपल्या खात्यातून, पावतीसह, ही तिसरी वाट उत्तम.

मग कार्ड कधी? मध्यरात्री रुग्णालयात नेले आणि काउंटरवर म्हणाले की आधी अनामत भरा, त्या वेळी कार्ड जीव वाचवू शकते. हे आम्ही नाकारीत नाही. पण रुग्ण घरी आला की पहिले काम ते बिल स्वस्त कर्जावर नेण्याचे. पतपेढी, भविष्य निर्वाह निधीतील आजारपणाचे अग्रिम, बँकेचे सोनेतारण, यांपैकी जे जमेल ते. कपाटातील सोन्याची बांगडी जपून ठेवून पन्नास टक्के व्याज भरणारी घरे आम्ही पाहिली आहेत. भावना आम्हांला कळते. पण तारण ठेवलेली बांगडी परत येते, कार्डाला गेलेले व्याज परत येत नाही.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी काही हक्कही माहीत करून घ्यावेत. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने कार्डांबाबत नियम केले. न मागता कार्ड पाठविता येत नाही; पाठवून त्याचे बिल लावले तर बँकेने ते बिल रद्द करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. सर्व बाकी भरून कार्ड बंद करण्यास सांगितले की सात कामाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो. वसुलीच्या माणसाला सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांसमोर किंवा नातलगांकडे बदनामी, यांतले काहीही करण्याचा त्याला अधिकार नाही. असे घडले तर तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. कार्डावर आपण न केलेला खर्च दिसला तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार नोंदवा. ओटीपी कोणालाही सांगू नका, तो बँकेचा साहेब आहे असे म्हणाला तरी नाही.

जे अडकले आहेत त्यांनी लपवू नये. आम्ही पाहतो, पुरुषमंडळी कार्डाचे बिल बायकोपासून लपवितात. एका कार्डाचे भरण्यासाठी दुसरे काढतात, दुसऱ्याचे भरण्यासाठी तिसरे. मग एके दिवशी वसुलीवाला दारात येतो आणि सारे एकदमच फुटते. कर्ज असणे हा गुन्हा नाही. त्यात शरमेने तोंड लपविण्यासारखे काही नाही. आज रात्री जेवण झाल्यावर सगळी बिले काढून घरच्यांसमोर ठेवा. सर्वात जास्त दराचे कर्ज आधी फेडा. बँक "तडजोड करा, थोडक्यात मिटवू" म्हणाली तर लक्षात ठेवा, तडजोडीची नोंद सिबिलसारख्या संस्थेत राहते आणि उद्या मुलाच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. जमत असेल तर पूर्ण फेडणे बरे. अगदीच जमत नसेल तर तडजोडीचे पत्र आधी लेखी घ्या, पैसे नंतर द्या.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिक गृहपतीला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक 'अनणसुख' आहे. अनण म्हणजे ऋण नसलेला. कोणाचे थोडेही देणे नाही, मोठेही नाही, या जाणिवेचे ते सुख. अनाथपिंडिक श्रीमंत व्यापारी होता, तरी त्यालाही हे वेगळे सांगावे लागले. आपण तर पगारावर जगणारी माणसे. आपल्या घरात सोफा नसेल, मोठा दूरदर्शन संच नसेल, पण दारावर थाप पडली तर छातीत धस्स होत नाही, याची किंमत दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही वस्तूपेक्षा जास्त आहे.

तेव्हा रोख की कार्ड, या वादावर आमचे उत्तर असे. ज्या वस्तूचे पैसे आज खात्यात आहेत, ती रोखीने घ्या, खात्यातून घ्या, कार्डाने घेऊन तारखेला पूर्ण भरा, काहीही चालेल. ज्या वस्तूचे पैसे खात्यात नाहीत, ती कार्डाने घेऊ नका. ती खरोखर गरजेची असेल तर कर्ज म्हणूनच काढा, दर विचारून काढा, स्वस्तात स्वस्त ठिकाणी काढा. ज्यांच्या घरी कार्डाचे बिल आहे त्यांनी त्यावरील तीन गोष्टींखाली पेनाने रेघ ओढावी : एकूण देय रक्कम, महिन्याचा व्याजदर, आणि भरण्याची शेवटची तारीख. किमान रकमेवर काट मारावी. बिल समजत नसेल तर रविवारी ते घेऊन आपल्या विहारात यावे. बी.कॉम. झालेली, बँकेत नोकरी करणारी मुले-मुली आता प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांनी महिन्यातून एक सकाळ या कामासाठी द्यावी, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.